सगळे नातेवाईक, काका धरून

मी शेवटी दिनूकाकांना नातेवाईक म्हणून मान्य केलं. हे वाक्य वाचलं असेल तर विसरा, तसं काही झालेलं नाही. आमच्या घरात ही पद्धतच आहे. झालेली गोष्ट सोयीची नसेल, तर सोयीची वेळ येईपर्यंत ती झालेली नसते.

"या गाडीला हीटर नाही का रे?" काकांनी विचारलं.

"आहे. गेल्या हिवाळ्यात मेला," मी म्हणालो. "पण गाडीला अजून कोणी सांगितलेलं नाही."

माझ्या वर्गातल्या टोबीच्या पिकअपमध्ये आम्ही तिघं एकाच सलग सीटवर होतो. टोबी चालवत होता, मी खिडकीशी, आणि मध्ये गिअरच्या दांड्यापासून गुडघे वाचवत माझे सख्खे थोरले काका. पुलांचे इंजिनिअर, निवृत्त, मिनेसोटात चाळीस वर्षं काढलेले. बाहेर साउथ डकोटाचा डिसेंबर होता. म्हणजे बाहेर काहीच नव्हतं. पांढरं गवत आणि काटेरी तारा.

माझी आई चिपळूणला नोव्हेंबरच्या शेवटी गेली. सकाळी उठली, चहा टाकला, आणि गॅस बंद करून जी खाली बसली ती बसलीच. गॅस तिने बंद केला होता, हे बाबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, असं मला नंतर कळलं. प्रत्येकाला, म्हणजे मी सोडून. मी रॅपिड सिटीत खाणकामात एम.एस. करत होतो आणि परीक्षा तोंडावर होती. बाबांनी काकांना फोन केला, निनादला कळवू का? काका म्हणाले, परीक्षा होऊ दे. ठराव मंजूर.

त्या दिवसांत मी रोज घरी फोन करत होतो. आई झोपली होती. दुसऱ्या दिवशी देवळात गेली होती. मग पुन्हा झोपली. मी बाबांना म्हणालो, एवढी झोपते म्हणजे बी-ट्वेल्व्ह कमी असेल, तपासून घ्या. बाबा म्हणाले, "हो, बघतो." मी आईला बर्फाचा फोटो पाठवला. तिच्या फोनवरून उत्तर आलं, "छान". माझ्या आईने आयुष्यात नुसतं "छान" लिहिलेलं नाही. छान, मग कानटोपी कुठेय, मग ही मागे कोण उभी आहे, मग जेवलास का. मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी अभ्यासात होतो, आणि अभ्यास फार उत्तम चालला होता.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर काकांचा फोन.

"कसा गेला?"

"चांगला."

"बरं. आता जरा कुठेतरी बस."

मी बसलो. तोवर तिकडे तेरावं उरकून लोक गोडाचं जेवूनही गेले होते.

त्यानंतर मी बाबांशी बोललो नाही. त्यांचा फोन यायचा तेव्हा मी झोपलेलो असायचो. माझा रूममेट तसं त्यांना अगदी अदबीने सांगायचा. तेव्हा काका नऊ तास गाडी हाणत माझ्याकडे आले. थर्मास, मेतकुटाची बरणी आणि एककलमी कार्यक्रम घेऊन.

"बाबाला फोन कर. एकटा आहे तो घरात."

"मला न कळवायचा निर्णय तुमचा होता ना? मग फोनही तुम्हीच करा."

"तू जाऊन काय करणार होतास, निनाद? तिकीट मिळेपर्यंत सगळं आटपलं असतं. व्हिसाचं लफडं झालं असतं. वर्ष गेलं असतं."

"आई गेली, काका. वर्षाचं काय घेऊन बसलात."

हे आम्ही दोन दिवस रोज, साधारण याच क्रमाने बोललो. मधे काका मला मेतकूट-भात करून घालत. मी तो रागाने खात असे. उपाशी राहून रागावणं मला जमत नाही.

टोबी माझा प्रयोगशाळेतला जोडीदार. लकोटा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. त्याची आजी गेली तेव्हा तो आठवडाभर वर्गात नव्हता, आणि आल्यावर प्रोफेसरांनी विचारलं तर एवढंच म्हणाला, "आजी." मी त्याला माझं सगळं सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ ड्रिलचं टोक पुसत राहिला. ते आधीच स्वच्छ होतं.

"शनिवारी माझ्या मामाकडे इनिपी आहे," तो म्हणाला. "आईसाठी ये. काकालाही आण."

"त्यांना कशाला?"

"मग त्याला घरी ठेवून तू तिथे कोणावर चिडणार?"

इनिपी म्हणजे काय ते त्याने थोडक्यात सांगितलं होतं. विलोच्या फांद्यांचा बुटका घुमट, त्यावर ब्लँकेटं आणि कॅनव्हास, आत मिट्ट काळोख, मधोमध खड्डा. बाहेर दगड लाल होईस्तोवर तापवायचे, आत आणायचे, वर पाणी घालायचं. आणि प्रार्थना करायची. काकांनी पिकअपमध्ये हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि मान डोलावली.

"हे स्वेदनच," ते मला म्हणाले. "चरकात आहे. मूळचं आपलंच."

"काय म्हणतो काका?" टोबीने विचारलं.

"हे आम्ही शोधलं म्हणतात."

टोबीने विचार केला. "मग लाकडं तुम्हीच आणायची होती."

मामाचं नाव रूबेन. तो रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा आणि आदल्या रात्रीची पाळी करून आला होता, त्यामुळे त्याचे डोळे लाल होते आणि तो फारसा आध्यात्मिक वगैरे दिसत नव्हता. काही मागायला जायचं तर हातात तंबाखू ठेवायची, असं टोबीने शिकवलं होतं. मी पुडी दिली. आमच्याकडे तंबाखूला एवढा मान नाही. एसटी स्टँडवर अनोळखी माणूसही हात पुढे करतो. रूबेनने ती दोन्ही हातांनी घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आईचं नाव काय?"

"अपर्णा."

त्याने ते दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा बरोबर आलं. ती गेल्यापासून तिचं नाव मला विचारणारा तो पहिला माणूस होता. बाकी सगळ्यांनी पेपर कसा गेला ते विचारलं होतं.

मग काकांनी त्याला हा विधी किती जुना आहे, याचे लिखित पुरावे काय, आणि त्याला स्वेदन हा शब्द माहीत आहे का, असे तीन प्रश्न विचारले. रूबेनने शांतपणे सगळं ऐकलं आणि त्यांच्या हातात कुऱ्हाड दिली.

काकांनी लाकडं चांगली फोडली. लहानपणी घरी बंब तेच पेटवत, म्हणाले. मी आणि टोबी दगड निवडत होतो. ज्वालामुखीचे, सच्छिद्र, काळपट. नदीतले गोटे चालत नाहीत, आत पाणी मुरलेलं असतं, तापले की फुटतात. हे मला शिकून माहीत होतं, टोबीला मामाकडून. दगड लाकडांच्या रचनेवर ठेवून रूबेनने पेटवलं. विस्तवाजवळ थांबायला त्याचा मित्र डॅरेल होता. आतल्यांना दगड देणं आणि दार उघडणं-लावणं हे त्याचं काम.

"या दगडांना आजोबा म्हणायचं," टोबी म्हणाला. "आत येतील तेव्हा प्रत्येकाला नमस्कार करायचा."

"ठीक."

"आत शिरताना म्हणायचं, मिताकुये ओयासिन. आपल्या पाळीला बोलून झालं की तेच म्हणायचं, म्हणजे पुढच्याला कळतं. बाहेर जायचं असेल तरी तेच. मग डॅरेल दार उघडतो."

"म्हणजे काय?"

"माझे सगळे नातेवाईक. माणसं, प्राणी, झाडं, दगड. सगळे."

"यात कोणाला वगळायची सोय आहे?"

टोबीने माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं. तिकडे एक कानटोपी लाकूड फोडत होती.

"वडलांचा भाऊ ना तो?"

"हो."

"आमच्यात त्याला वेगळा शब्द नाही. तोही बापच."

"म्हणजे मला दोन बाप आहेत, आणि दोघांनीही सांगितलं नाही."

"हो," टोबी म्हणाला. "वाईट आहे."

मी तिथल्या तिथे ठरवलं. दगड नातेवाईक, कबूल. कोल्हे, गवत, डॅरेल, सगळे कबूल. पण ते शब्द मी म्हणणार नाही, कारण त्या यादीत काका घुसतात. माझ्याशी कोणी साधं खोटं बोललं असतं तर एक वेळ चाललं असतं. यांनी माझ्या आईला झोपवून ठेवलं होतं.

अंगावरचं धातूचं सगळं काढायचं होतं, नाहीतर चटके बसतात. मी बास्केटबॉलची चड्डी घालून, टॉवेल घेऊन बर्फात अनवाणी उभा राहिलो. काका गाडीआडून आले ते पंचा नेसून. मिनेसोटाहून येताना बॅगेत पंचा टाकणारा माणूस आईचं जाणं सांगायला मात्र विसरतो. रूबेनने त्यांना वरून खाली पाहिलं.

"तुझ्या काकाने बरोबर कपडे आणलेत," तो मला म्हणाला. माझ्या चड्डीबद्दल काही बोलला नाही.

आत रांगतच शिरावं लागतं. रूबेन शिरला, शब्द म्हणाला. टोबी शिरला, म्हणाला. मी शिरलो आणि खोकलो. माझ्या मागून काका चाचरत का होईना, पण अख्खं म्हणाले. माझा खोकला रूबेनने ऐकला असणार.

डॅरेल लांब दांड्याच्या काट्यावरून दगड आत देऊ लागला. अंधारात लाल, आतून उजेड असलेले. रूबेन प्रत्येकाला त्यांच्या भाषेत आजोबा म्हणून नमस्कार करत होता. माझ्या शेजारी काका हलले. दुसऱ्या की तिसऱ्या दगडाला त्यांनी अगदी हळू म्हटलं, "या."

मग दार बंद झालं. पाणी पडलं.

चिपळूणचा मे महिना मी पाहिलेला आहे. हे त्याचे आजोबा होते. वाफ आधी कानांना लागली, मग नाकात, मग खांद्यांवर येऊन बसली. रूबेन गात होता. त्याने आणि टोबीने आत काय काय म्हटलं ते मी सांगणार नाही, ते बाहेर सांगायचं नसतं. पहिली फेरी संपून दार उघडलं, थंड हवा आली, आणखी दगड आले, दार पुन्हा लागलं. दुसऱ्या फेरीत एकेकाने बोलायचं होतं. टोबी बोलला, आणि शेवटी ते शब्द म्हणून थांबला.

माझी पाळी.

मला आईबद्दल बोलायचं होतं. पण बोललो तर शेवट करावा लागणार, आणि शेवट मी करणार नव्हतो. तेव्हा मी बोललोच नाही. पाणी पुन्हा पडलं. सगळे वाट पाहत होते. बाहेर जायचं म्हटलं तरी तेच शब्द लागत होते. अशा प्रकारे एका वाक्यावर बहिष्कार टाकून मी स्वतःला शिजवत बसलो. आईला हे फोनवर सांगता आलं असतं तर ती हसली असती, आणि मग कानटोपीचं विचारलं असतं.

"अण्णा," शेजारून आवाज आला.

काका. मराठीत. माझी पाळी संपायची वाटही न पाहता. अण्णा म्हणजे माझे आजोबा, काकांचे वडील. मी त्यांना फोटोतच पाहिलेलं.

"अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा मी इकडे होतो. माझी पीएचडीची तोंडी परीक्षा होती. घरच्यांनी कळवलं नाही. म्हणाले, दिनूची परीक्षा होऊ दे."

दगडांचा लाल रंग थोडा खाली गेला होता.

"मी पास झालो. तुम्हाला पत्र लिहिलं. चार पानं. परीक्षकाने कमानीवरून काय विचारलं, मी काय सांगितलं, सगळं. तुम्हाला पूल आवडायचे म्हणून आकृती काढून पाठवली. ते घरी पोचलं तेव्हा तुम्हाला जाऊन महिना झालेला. त्यांनी ते तुमच्या फोटोपुढे ठेवलं म्हणे."

त्यांचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता.

"नंतर सगळे म्हणाले, नाही कळवलं तेच बरं झालं, वर्ष वाचलं. मीही म्हटलं, बरं झालं. इतकी वर्षं म्हणतोय. शरदचा फोन आला, अपर्णा गेली, निनादला कळवू का. आता मी कळव म्हटलं असतं तर..." ते थांबले. "तर मलाही तेव्हा कळवायला हवं होतं, असं झालं असतं ना, अण्णा. मग मी काय केलं असतं? कोणावर चिडलो असतो? कोणी उरलेलंच नाही."

अशा वेळी राग उतरतो म्हणतात. माझा चढला. आजवर तो माझ्या एकट्याचा होता, आता त्यात काकांचाही येऊन पडला. तो त्यांनी चाळीस वर्षं जपून, न वापरता ठेवला होता आणि मला नव्याकोऱ्या स्थितीत दिला होता.

"दार," काका म्हणाले. मराठीत. रूबेनला कळलं नाही, त्याने पाण्याचं ओगराळं उचललं असावं. "दार... निनाद, ते काय म्हणायचं रे? मिता... मिता..."

त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. गरम आणि ओला.

"मिताकुये ओयासिन," मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने, की टोबी दचकला.

दार उघडलं. बर्फाचा उजेड आत आला. मी काकांना काखेखाली हात घालून रांगत बाहेर काढलं आणि दोघं बर्फावर बसलो. आमच्या अंगांतून वाफ निघत होती, इडलीपात्राचं झाकण काढल्यासारखी. डॅरेलने काकांच्या खांद्यांवर ब्लँकेट टाकलं आणि पाणी दिलं. हळूहळू त्यांचा श्वास खाली बसला.

रूबेनने आतून डोकं बाहेर काढलं. "बरा आहे?"

"आहे."

"नुसतं 'डोअर' म्हटलं असतंस तरी उघडलं असतं," तो म्हणाला. "आजारी माणसाला आम्ही परवलीचा शब्द विचारत नाही." आणि तो पुन्हा आत गेला.

मी काकांकडे वळलो. "तुम्हाला माहीत होतं कसं वाटतं."

"हो."

"तरी केलंत."

"हो."

"तुम्ही पत्र लिहिलंत. मी फोटो पाठवला. कोणी 'छान' लिहिलं होतं?"

काकांनी पंचाच्या टोकाने तोंड पुसलं. "शरदने मला विचारलं, काय लिहू. मी सांगितलं, छान लिही."

"ती नुसतं छान लिहीत नाही, काका."

"मला काय माहीत, रे. मला तिने कधी लिहिलंच नाही."

याच्यावर चिडायला माझ्याकडे खूप काही होतं, पण दात वाजत होते. टोबीने हाक मारली, अजून दोन फेऱ्या आहेत, येतोस? मी काकांना विस्तवापाशी डॅरेलच्या ताब्यात दिलं आणि आत शिरलो. शिरताना खोकलो नाही. माझी पाळी तशी संपलेलीच नव्हती. ती मी पूर्ण केली. काय बोललो ते बाहेर सांगायचं नसतं.

नंतर रूबेनच्या घरी सूप आणि तळलेला ब्रेड होता. काकांनी हळूच विचारलं, यात बीफ तर नाही ना. रूबेन म्हणाला, छे, बायसन. काकांनी ब्रेडला मेतकूट लावून खाल्लं. रूबेननेही चाखून पाहिलं आणि बरणी आपल्याकडे ओढली. हे शोधलं कोणी, असं त्याने विचारलं नाही.

मी पिकअपमध्ये जाऊन बसलो आणि फोन लावला. चिपळूणला उजाडलं असणार. एकच रिंग झाली.

"जेवलास का?" बाबा म्हणाले.

"हो. ब्रेड."

"बरं."

त्यांच्या मागे स्वयंपाकघर होतं आणि त्यातून काहीही ऐकू येत नव्हतं.

"आई..." बाबा म्हणाले. मला वाटलं, आता झोपली आहे म्हणतात. सवयीने. "आई गेली रे, निनाद."

"कधी?" मी विचारलं.

आणि बाबांनी मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. कशी उठली, चहा कसा टाकला, कशी खाली बसली. "गॅस तिने बंद केला होता," ते म्हणाले.

"हो का," मी म्हणालो.

याला आता सहा वर्षं झाली. काका दर रविवारी फोन करतात, मी घेतो आणि सुरुवातीला थोडा चिडतो. त्यांनाही आता त्याशिवाय चुकल्यासारखं वाटतं. नातेवाईकांचा प्रश्न माझ्या बाजूने निकाली निघालेला आहे. फक्त एक बाब प्रलंबित आहे, आणि तिच्यासाठी योग्य कार्यालय मला सापडलेलं नाही, म्हणून इथे दाखल करतो.

विषय : सौ. अपर्णा शरद आठल्ये यांच्या झोपेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, सदर व्यक्ती नोव्हेंबरअखेरपासून माझा शेवटचा पेपर संपेपर्यंत झोपलेली असल्याचे कुटुंबाने मला वेळोवेळी दूरध्वनीवरून कळवलेले आहे. सदर माहिती मी त्या वेळी खरी मानली होती व माझ्या बाजूने ती अद्याप मागे घेण्यात आलेली नाही. परीक्षा यथास्थित पार पडली असून अर्जदार उत्तीर्ण झालेला आहे. सबब, झोपमोड न करण्याचे कोणतेही कारण आता शिल्लक नसल्याने, त्यांना उठवून फोनवर देण्यात यावे, ही विनंती.